गरम बॉनेट

बोलता बोलता मी बॉनेटवर हात टेकवला. काही तपासायचं म्हणून नाही. उभं राहून पाय दुखले की माणूस जवळची भिंत धरतो, तसा. जानेवारीतली सकाळ होती, आठही वाजले नव्हते. सानेगुरुजी वसाहतीतल्या त्या अंगणात ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीवरच अडकलं होतं, झोपाळ्याच्या कड्या हाताला चावत होत्या, जास्वंदीची पानं दवानं जड झाली होती. आणि बॉनेट गरम होतं. भाकऱ्या झाकून ठेवलेल्या डब्याला बाहेरून हात लावावा तसं. मी हात काढून घेतला. समोर गाडी विकायला काढलेले काका उभे होते, स्वेटरवर मफलर, पायात स्लीपर. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि लगेच फाटकाबाहेरून चाललेल्या दूधवाल्याकडं. "हाफ सेल्फला चालू हुती बघा," ते म्हणाले. आणि खरंच झाली. किल्ली फिरवायचा अवकाश, ते तीन सिलिंडरचं छोटं इंजिन मिक्सरसारखं गुरगुरायला लागलं. धूर नाही, खडखड नाही. काकूंनी चहा आणला, मी तो प्यायले, "कळवते" म्हणाले आणि स्कूटीवरून घरी आले. रस्ताभर तळहात गरम होता, किंवा मला तसं वाटत होतं.

गाडी म्हणजे १९९८ ची मारुती ८००. पांढरी म्हणायची, पण उन्हानं दुधावरच्या सायीसारखी पिवळट पडलेली. मागच्या चाकावरच्या कमानीत गंजानं नक्षी काढलेली. सीटवर काकूंनी स्वतः शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. नंबरप्लेट तेवढी नवीकोरी, एचएसआरपीची, म्हणजे त्या हाय सिक्युरिटी प्लेटची, सक्ती झाल्यावर बसवलेली. म्हाताऱ्या तोंडात नवी कवळी चमकावी तशी ती चमकत होती. किंमत सांगितली ४५ हजार. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. म्हणजे चाळीस वर्षं फिरून मारुती पुन्हा त्याच आकड्यापाशी येऊन थांबली होती, फक्त मधल्या काळात रुपया कुठल्या कुठं गेला.

संध्याकाळी मिस्त्रींना फोन केला. माझी स्कूटी गेली नऊ वर्षं त्यांच्याच हातात आहे, आणि माझ्यापेक्षा त्यांना तिची जास्त काळजी आहे. मी सगळं सांगितलं, टायर, गंज, आवाज, कागद. शेवटी सहज म्हणून बॉनेटचंही सांगितलं. पलीकडं क्षणभर फक्त कुणाच्या तरी हातोडीचा ठोका ऐकू आला.

"मग मॅडम, तुम्ही गाडी बघितलीच न्हाई."

मग त्यांनी समजावलं. इंजिन खरं बोलतं ते सकाळी, पहिल्या सेल्फला. रात्रभर गाडी उभी असली की व्हॉल्वचे सील कडक झालेले असतील तर तिथून थेंब थेंब ऑइल खाली उतरतं, आणि सकाळी चालू केल्याबरोबर सायलेन्सरमधून निळा धूर येतो. पाच मिनिटांत ते ऑइल जळून जातं, धूर संपतो, मग तुम्हाला काही दिसत नाही. टॅपेटचा टकटक आवाजही ऑइल वर चढेपर्यंतच. बॅटरी म्हातारी असेल तर तीही गार इंजिनालाच दमते, गरम इंजिन कशीही फिरवते. आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर धूर रेस केल्यावर येतो, तो गरम झाल्यावरही लपत नाही, पण "तुम्ही रेस केलासा का? न्हाई ना?" मी केली नव्हती. परक्याच्या अंगणात परक्याची गाडी जोरात गुरगुरवायची माझी हिंमत झाली नव्हती. मी विचारलं, म्हणजे ते काका फसवत होते का? मिस्त्रींना हा प्रश्न आवडला नसावा. म्हणाले, "पाटीत वरची टमाटी चांगलीच असत्यात की, मॅडम. त्याला काय फसवणं म्हणायचं?"

पण मला झोप लागेना. पंचेचाळीस हजारांची गाडी, गंजलेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची; तिच्यात दोष असणार हे मला जायच्या आधीच माहीत होतं. दोषाचं वाईट वाटत नव्हतं. तो माणूस पहाटे साडेसहाला उठून, मफलर गुंडाळून, माझ्यासाठी ती गाडी तापवत बसला होता हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. आणि त्यांनी नजर फिरवली ती. त्यांना कळलं होतं की मला कळलं. खरं तर तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. आंबा घाट, फोंडा घाट, पावसाळ्यात काचेतून समोरचं दिसत नसताना गणपतीला चाललेली भरगच्च गाडी. तो सगळा हिशेब त्यांनी पहिल्याच चहात सांगून टाकला होता. निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे आले, त्यातून ही मारुती घेतली, सेकंडहँड. बसच्या उंचीवर तीस वर्षं काढल्यावर पहिले काही महिने या गाडीत त्यांना जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखं वाटायचं म्हणे. समोरून एसटी आली की ड्रायव्हरचा चेहरा दिसायचा नाही, नुसता बंपर दिसायचा. आता एका डोळ्यात काचबिंदू. मुलगा पुण्यात, तो म्हणतो विकून टाका. काकू म्हणतात, विका नाही तर झाकून ठेवा, पण रोज पुसू नका, तुमची कंबर मोडते. असा माणूस गार इंजिन म्हणजे काय हे जाणत नाही असं कसं म्हणायचं? तो तर माझ्या मिस्त्रींना शिकवेल. म्हणून राग यायला हवा होता. यायचा आणि अर्ध्यातच विरायचा.

एक गंमत मिस्त्रींनीच नंतर लक्षात आणून दिली. या गाडीची पीयूसी व्यवस्थित होती. पेट्रोल गाडीची पीयूसी करताना नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही इंजिन तापलेलं आणि संथ चालू असताना. सकाळचा पहिला धूर त्या कागदावर कधी येतच नाही. सरकारसुद्धा गरम बॉनेटच बघतं.

आता मला गाडी कशाला हवी होती, तर आईसाठी. हे लोकांना सांगायचं उत्तर. आई एकोणऐंशीची आहे, गुडघे कामातून गेलेत, स्कूटीवर मागं बसणं तीन वर्षांपूर्वीच बंद झालं. आमच्या फुलेवाडीच्या बोळात रिक्षावाले यायला कुरकुरतात, आणि आले तरी रिक्षाच्या त्या पायरीवर चढताना आई माझा खांदा असा धरते की घरी आल्यावर वळ दिसतो. दुसरं उत्तर असं की माझ्याकडं १९९९ सालचं लायसन्स आहे. लग्नाआधी हौसेनं काढलेलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या अशाच मारुती ८०० वर, जिच्यात मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. त्यानंतर मी एकदाही गाडी चालवली नाही. लायसन्स संपलं तेव्हा रांगेत उभं राहून नवं करून आणलं, आणि पुन्हा पाकिटात ठेवलं. एवढी वर्षं एखादी गोष्ट येते असं सांगत राहायचं आणि ती कधी करून बघायची नाही, हेही थोडंफार गरम बॉनेटच झालं, पण ते जाऊ दे.

आईवरून आठवलं. आईला साखर आहे, वीस वर्षं. आणि आमचं गाव कोल्हापूर. जानेवारीत इथं गुऱ्हाळं पेटलेली असतात, संध्याकाळी पंचगंगेच्या बाजूनं वारा आला की उकळत्या काहिलीचा वास घरात शिरतो, आणि बहिणीच्या सासरहून काकवीची बाटली येते. ती बाटली आई कुठं लपवते हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. तिची एक पद्धत होती. डॉक्टरांची तारीख आली की चार दिवस आधीपासून ती एकदम साध्वी व्हायची. भात बंद, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी अंगणात अकरा फेऱ्या. मग उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं, रिपोर्ट चांगला यायचा, डॉक्टर म्हणायचे, "वा आजी, छान ठेवलीय की साखर," आणि घरी आल्यावर पुरणपोळी. बरीच वर्षं हे चाललं. मग एक नवी डॉक्टर आली, मुलगीच म्हणायची, तिनं एचबीएवनसी लिहून दिलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात अंगात किती साखर होती त्याची खूण त्यांच्यावर राहते. त्यामुळं गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात उतरते, चार दिवसांच्या उपासाला ती भीक घालत नाही. आकडा आला ९.१. आई त्या कागदाकडं अशी बघत होती की जणू कुणीतरी शेजारीण घरी येऊन चुगली करून गेली. "ही तपासणी बरोबर नाही," ती म्हणाली. "मी तर चार दिवस काहीच खाल्लं नव्हतं."

आईनं डॉक्टरांना फसवलं असं मला कधीच वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण केर काढतो, तसं ती रक्ताचा केर काढायची.

आणि मी? मी याहून वाईट केलं आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही मंगळवार पेठेतलं जुनं घर विकलं. मधल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल होती. माझ्या लहानपणापासून होती. तिथं कॅलेंडर लावायचं नाही हे आम्हाला अंगवळणी पडलं होतं, कारण श्रावणापर्यंत त्याच्या मागं बुरशी यायची. गिऱ्हाईक जूनमध्येच विचारत होतं. आम्ही म्हणालो, आईची तब्येत बरी नाही, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर भिंत वाळली. मग पुट्टी, मग फिक्का गुलाबी डिस्टेंपर, आणि त्या भिंतीला टेकवून, मीच टेकवून, आजीचं जुनं लाकडी कपाट. खोटं कुणीच बोललं नाही. त्या माणसानं ओल आहे का असं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. व्यवहार झाला, पेढे झाले. पुढच्या वर्षी जुलैत, पाऊस कोसळत असताना, तो मला महाद्वार रोडवर भेटला. दोघांच्या छत्र्या एकमेकींना अडकल्या. मला वाटलं आता हा भांडणार. तो म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. ती ओल नेमकी कुठून येते हो? तुम्हाला माहीत असेल म्हणून." आवाजात राग अजिबात नव्हता. बाळाला कुठल्या कुशीवर झोपवायची सवय आहे हे विचारावं तसं विचारलं. मी सांगितलं, शेजारच्यांच्या न्हाणीची मोरी त्या बाजूला आहे, तिची जुनी खापरी नळी फुटली आहे. त्यानं मान हलवली, "बरं झालं सांगितलंत" म्हणाला, आणि गेला. त्यानंतर मी त्या रस्त्यानं जाताना छत्री खाली धरते.

तेव्हा काकांच्या बॉनेटवर मी काय बोलणार.

घरातल्या लोकांची मतं यायची ती आलीच. भाऊजींचं म्हणणं, तीन-साडेतीन लाख कर्ज काढ, दहा वर्षांपूर्वीची बरी गाडी घे, एअरबॅग तरी असेल. ते चूक नव्हते. या गाडीत एअरबॅग नाही, एसी नावाला आहे, आणि दार लावलं की बिस्किटाचा पत्र्याचा डबा बंद केल्यासारखा आवाज येतो. मुलाचं म्हणणं आणखी सरळ, "आई, ती गाडी तुझ्या लायसन्सपेक्षा जुनी आहे." वीजबिलाच्या पाठीमागं मी हिशेब मांडला. गाडी ४५, इंजिनकाम मिस्त्री म्हणतात २२ ते २५, चार टायर, बॅटरी, इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च. बेरीज नव्वदच्या पलीकडं. शिवाय पासिंग २०२८ पर्यंतच. वीस वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची फी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांची दहा हजार झाली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. आणि पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पडदे त्यानं फुगतात, चिकट होतात, ते सगळे आधीच बदला असं मिस्त्री बजावून होते. कुठल्याही बाजूनं बघा, हिशेब गाडीच्या विरुद्ध होता. पण नव्वद हजार ही माझ्या लेखी अशी रक्कम होती की गेली तर दोन वर्षं चुटपुट लागेल, रस्त्यावर येणार नाही. साडेतीन लाखांचा हप्ता मला रात्री उठवेल. हे शहाणपण आहे की भित्रेपणा, ते मला आजही सांगता येत नाही.

मी काकांना फोन केला. म्हणाले, "काका, रविवारी सकाळी मिस्त्रींना घेऊन येते. साडेसहाला. एक विनंती होती, तोवर गाडी चालू करू नका." पलीकडं शांतता. मागं टीव्हीवर कुठलंसं भजन चालू होतं. "बरं," ते म्हणाले. एवढंच.

रविवारी रंकाळ्यावर धुकं इतकं होतं की पलीकडचा शालिनी पॅलेस गायब झाला होता. काका अंगणात आधीच येऊन उभे होते, हात पाठीमागं बांधून, एखाद्या पोरानं मास्तरांना दाखवावं तसे, की बघा, मी कशालाही हात लावलेला नाही. "लावा की हात," ते म्हणाले. मी लावला. पत्रा गार, दवानं ओला. माझ्या पाचही बोटांचा ठसा उमटला. मिस्त्रींनी तोवर डिपस्टिक काढून बोटांत ऑइल चोळलं, नाकाशी नेलं, काही बोलले नाहीत. मग ते सीटवर बसले, चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला नुसता खोकला. दुसऱ्याला लांबलचक रडगाणं, दिवे मंदावले. तिसऱ्याला गाडी चालू झाली, आणि अंगण निळं झालं.

एवढा धूर मी कधी पाहिला नव्हता. जास्वंद दिसेना, झोपाळा दिसेना. जळक्या तेलाचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. शेजारच्या खिडकीचं दार कुणीतरी धाडकन लावलं. त्या धुरात आम्ही तिघं उभे, मिस्त्री मनगटावरच्या घड्याळात बघत, मी पदर नाकाला लावून, आणि काका सायलेन्सरकडं पाठ करून. चार मिनिटांनी धूर विरळ झाला, पण गेला नाही. मिस्त्रींनी रेस केलं, पुन्हा फुगारा. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर तिथूनही वाफ फुसफुसत होती. "बॅक मारतीया," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. मला वाटलं संपलं. पण त्यांनी पिशवीतून गेज काढलं आणि गाडी आणखी दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, "आता तापू दे. कॉम्प्रेशन गरम असतानाच बघायचं असतंय." काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळचं.

प्लग काढून एकेक सिलिंडर मोजला, आत दाब किती धरतो ते. एक नंबर १५५, तीन नंबर १५०, मधला १०५. मधल्यात मिस्त्रींनी चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा १४० वर गेला. ऑइलनं फट भरली की आकडा वाढतो, म्हणजे व्हॉल्वपेक्षा रिंग आणि बोअरचं दुखणं मोठं. "एकच गेलाय," मिस्त्री म्हणाले, "पण इंजिन उतरवलं की तिन्ही करायचं. एक दात काढायला सगळं तोंड उघडायलाच लागतंय की." मग चहा. कपबश्यांचा आवाज तेवढा होता. मी विचारायचं नाही असं ठरवून आले होते, तरी विचारलं.

"काका, त्या दिवशी बॉनेट गरम होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "डेपोत सकाळी गाडी काढायच्या आधी दहा-पंधरा मिन्टं चालू ठेवायचो. टाकीत हवा भरल्याबिगार ब्रेक सुटत न्हाईत. तीस वर्षांची सवय." मग बशी खाली ठेवली, रुमालानं मिशी पुसली. "आनि तुमी येनार हुता."

मग स्वतःच म्हणाले, दहा कमी करा. भंगारवाला बावीस द्यायला तयार आहे, त्याला द्यायची नाही म्हणून तर मुलाशी भांडण चाललंय. मिस्त्री टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते. तीसला तुटली असती असं त्यांनी मला नंतर रस्त्यावर चारदा ऐकवलं. मी पस्तीसला हो म्हणाले. खिशातून पाचशे एक काढून दिले. काकूंनी ते देवापुढं ठेवले आणि गाडीच्या किल्लीला हळदीकुंकू लावलं.

इंजिन उतरवलं आणि त्याचं धड, म्हणजे ब्लॉक, कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलं. मी मुद्दाम बघायला गेले. शाळेत असताना या रस्त्यानं जाताना आम्ही कानांत बोटं घालायचो. लेथचा किंचाळा, लोखंडाच्या किसाचे चमकते गुंडे, कूलंटचं पांढरं पाणी आणि त्याचा आंबूस वास. याच गावात बाबूराव पेंटरांनी हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्यामुळं इथल्या माणसाला कुठलीही वस्तू मुळात करता येते असाच विश्वास असतो, दुरुस्ती तर किरकोळ. माझा ब्लॉक टेबलावर होता, मी आणायचे त्या पावाच्या पिशवीपेक्षा थोडा मोठा. तीन भोकं. बोअर झाले होते, अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन बसणार होते, आणि एक पोरगा आतून होनिंग करत होता. मला वाटलं होतं आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत करतात. तसं नाही. मुद्दाम तिरके, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे काढतात. "लई गुळगुळीत केलं तर ऑइल धरत न्हाई," पोरगा म्हणाला. मी बोट आत घालायला गेले तर त्यानं ओरडून थांबवलं.

एकूण खर्च अठ्ठावीस झाला. मिस्त्री २२ ते २५ म्हणाले होते. क्रँकचं काम निघालं. निघतंच.

त्याला आता सात आठवडे झाले. पहिले हजार किलोमीटर पळवायची नाही असं सांगितलंय, पण ती धमकी मला लागू नाही, कारण माझी तिसऱ्या गिअरच्या पुढं अजून मजलच गेलेली नाही. रंकाळ्याच्या चढावर दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा चूक माझी. काकांनी तीन रविवार शेजारी बसून शिकवलं, फुकट. ते "ब्रेक" म्हणत नाहीत, "थांबा" म्हणतात, कंडक्टरला सांगावं तसं.

परवा आईला लॅबमध्ये न्यायचं होतं. सकाळी सातची वेळ, उपाशीपोटी. मी आधी खाली जाऊन गाडी चालू केली नव्हती. आई बसल्यावरच चोक ओढला. दुसऱ्या सेल्फला झाली. धूर जवळजवळ नाही. मी तशीच बसून राहिले, हात स्टिअरिंगवर. आई शाल नीट करून समोर बघत होती, मांडीवर पिशवी, पिशवीत रक्त दिल्यावर खायची बिस्किटं.

"झाली न्हवं चालू? मग चल की."

"थांब. जरा गरम होऊ दे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "रविवारपासून साखरेला हात लावला नाही मी."

"आई, त्यात तीन महिन्यांचं दिसतं."

"दिसू दे की. त्यातले चार दिवस तरी चांगले दिसतील."

मी चोक आत ढकलला आणि पहिला गिअर टाकला.